पोहण्याच्या तयार हौदाचा जमाखर्च

आपल्या संघटनेच्या सभासदांपैकी अनेकांनी अलीकडच्या काळात गावाबाहेर शेतघरे बांधली आहेत. घर उभे राहिले, बाग लागली, की मुले आणि नातवंडे पोहण्याच्या हौदाचा विषय काढतात. मग कोठून तरी एक रंगीत पुस्तिका घरात येते. तीत निळ्याशार पाण्याचा एक सुबक हौद असतो आणि ‘आठ दिवसांत तयार’ असे आश्वासन असते. हा फायबरग्लासचा हौद होय. कारखान्यात एकसंध घडवून, मालमोटारीवर लादून आणावयाचा व खड्ड्यात बसवावयाचा. असा हौद मी सन २०१८ मध्ये बसविला, त्याचे सुख घेतले आणि त्याचा दंडही भरला. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. माझा धंदा धान्याच्या ठोक विक्रीचा आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा यांत्रिक विषयातील अधिकार मी सांगत नाही. मात्र जमा कोणती आणि खर्च कोणता, हे पाहण्याची सवय चाळीस वर्षांच्या पेढीने लावली आहे.

माझ्या पिढीला पोहण्यासाठी हौद लागला नाही. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून वडील माणसांनी विहिरीत ढकलले आणि आम्ही हातपाय मारीत काठाला लागलो, एवढेच आमचे शिक्षण. त्या विहिरी आता कोरड्या तरी पडल्या किंवा त्यांच्या तोंडावर जाळ्या बसल्या. तथापि मला हौद हवा झाला तो नातवंडांसाठी नव्हे. आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांनी साठीच्या अलीकडेच असहकार पुकारला आणि पाण्यात उभे राहून चालण्याचा व्यायाम करावा असे वैद्यांनी सुचविले. छातीइतक्या पाण्यात उभे राहिले असता शरीराचा निम्म्याहून अधिक भार पाणीच उचलून धरते आणि गुडघे मोकळेपणाने वाकतात. हा गुण खरा आहे. पहिल्या तीन महिन्यांतच त्यांना जिना धरल्यावाचून चढता येऊ लागला. पाण्याच्या ह्याच उचलून धरण्याच्या गुणाने पुढे माझा घात केला. ती हकिगत क्रमाने येईलच.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. काच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू काढतात. त्यांच्या चटया करून त्या राळेसारख्या कृत्रिम द्रवात, म्हणजे रेझिनमध्ये, भिजवितात आणि साच्यावर थरावर थर देतात. रेझिन घट्ट झाले की वजनाने हलका, न गंजणारा व किंचित लवचिक असा पत्रा तयार होतो. काचतंतूंचा मोठा उद्योग अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात उभा राहिला; ओवेन्स-कॉर्निंग ही त्यातील प्रसिद्ध कंपनी १९३८ मध्ये स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर या पदार्थाच्या होड्या आल्या आणि १९५३ मध्ये शेव्हरोलेट कंपनीच्या कॉर्व्हेट मोटारीचा सांगाडाही त्याचाच निघाला. होडी पाण्यावर तरंगण्यासाठी घडवितात. हौद हीसुद्धा घडणीने एक होडीच आहे, हे पुस्तिकेत कोणी लिहीत नाही.

जमेची बाजू आधी मांडतो, कारण ती लहान नाही. सिमेंट काँक्रीटच्या हौदास खोदाई, सळई, ओतीव काम, पाणी मारणे, गिलावा, फरशी असे दोन-तीन महिने सहज जातात. आमचा हौद खोदाईपासून पाणी भरेपर्यंत नऊ दिवसांत झाला. त्याच्या आतील पृष्ठभागावर जेलकोट नावाचा रंगीत, चकचकीत थर असतो. त्यास छिद्रे नसल्याने शेवाळ धरत नाही आणि मऊ कुंचल्याने अल्पश्रमात स्वच्छ होतो. सिमेंटचा गिलावा अल्कधर्मी असल्याने पाण्याचा सामू सारखा वर चढवितो व तो उतरविण्यास आम्ल घालावे लागते. फायबरग्लासमध्ये हा उपद्रव फारसा होत नाही, त्यामुळे औषधांचा खर्च कमी येतो. गिलावा दहा-पंधरा वर्षांनी खरवडून पुन्हा करावा लागतो, ते काम येथे नाही. पायऱ्या आणि बसावयाचा कट्टा घडणीतच येतात, कडा गोल असतात, पाय खरचटत नाहीत. गुडघेदुखीच्या माणसास हा शेवटचा गुण पहिल्या क्रमांकाचा वाटतो.

आता खर्चाची बाजू. एकसंध वस्तू रस्त्याने आणावयाची म्हणजे तिच्या आकारास रस्त्याची मर्यादा पडते. आपल्या देशात मालमोटारीची रुंदी २.६ मीटरपर्यंतच असावी असा नियम आहे. त्याहून रुंद माल न्यावयाचा तर परवानगी घ्यावी लागते किंवा हौद कडेवर तिरपा उभा करून आणावा लागतो. अमेरिकेतील प्रशस्त रस्त्यांवरूनसुद्धा साधारण सोळा फुटांहून रुंद हौद नेत नाहीत. आमचा हौद सात मीटर लांब व तीन मीटर रुंद. पुणे-बंगळूर महामार्गावरून तो थाटात आला आणि शेतघराच्या अलीकडे दीड मैलावर, जेथे गाडीवाट सुरू होते, तेथे अडला. विजेच्या तारा खाली लोंबत होत्या आणि वळणावर जुनी चिंच होती. चिंच तोडण्यास मी नकार दिला. तारा सोडवून घेण्यात एक दिवस आणि क्रेनचे एक दिवसाचे जादा भाडे गेले. ज्यांचे घर घाटाच्या वळणावर किंवा जुन्या पेठेतील बोळात आहे, त्यांनी हौदाची किंमत विचारण्यापूर्वी बोळाची रुंदी मोजावी. घराच्या मागच्या अंगणात न्यावयाचा तर क्रेनने तो छपरावरून उचलावा लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

परंतु हे सारे खर्च एकदाचे आणि डोळ्यांना दिसणारे आहेत. न दिसणारा खर्च जमिनीखाली असतो.

आमची जमीन बेळगावच्या पूर्वेस, काळ्या मातीची. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, ती या भागातील वाचकांस आठवत असेलच. शेतातील गढूळ पाणी वाहत येऊन हौदात शिरले आणि निळ्या पाण्याचा चहा झाला. मला घाणीची चीड फार. मी रखवालदारास दूरध्वनीवरून सांगितले, की पंप लावून हौद रिकामा कर, पाऊस उघडला की धुऊन काढू. त्याने रात्रभर पंप चालविला. सकाळी त्याचा दूरध्वनी आला, “मालक, हौद वर आला आहे.” मला वाटले, हौद भरून पाणी वर आले असे तो म्हणतो आहे. प्रत्यक्षात संपूर्ण हौदच जमिनीतून वर आला होता. खोल बाजूकडील टोक वीतभर उचलले गेले होते, कडेची फरशी फुटून उलटली होती, पाण्याच्या नळ्या तुटल्या होत्या आणि एका कोपऱ्यात हातभर लांबीची भेग पडली होती.

मॅट्रिकच्या परीक्षेत आर्किमिडीजचा सिद्धांत अक्षरशः लिहून मी पूर्ण गुण मिळविले होते. त्याचा अर्थ मला त्या सकाळी कळला. हिशेब असा : एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आपल्या भाषेत दहा क्विंटल. हौदाचे क्षेत्रफळ सात गुणिले तीन, म्हणजे एकवीस चौरस मीटर. जमिनीतील पाणी हौदाच्या तळापासून एक मीटर चढले, तर ते हौदास एकवीस टन, म्हणजे दोनशे दहा क्विंटल, जोराने वर ढकलते. उतार आणि पायऱ्या वजा करून दीडशे क्विंटल धरा. आता दुसऱ्या पारड्यात काय आहे? बिलावर नोंदलेले हौदाचे स्वतःचे वजन सुमारे आठशे किलो, म्हणजे आठ क्विंटल. हौद भरलेला असताना आतील सत्तावीस हजार लिटर पाण्याचे दोनशे सत्तर क्विंटल वजन त्यास दाबून धरते आणि काट्याचा तोल राहतो. मी तेच वजन एका रात्रीत पंपाने उपसून टाकले होते.

सिमेंटचा हौदही रिकामा असता उचलला जाऊ शकतो, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु याच मापाच्या, वीस सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट हौदाचे वजन वीस टनांच्या पुढे जाते, त्यामुळे तो सहसा जागा सोडत नाही. याच्या उलट, काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्या ओढाताणीत काँक्रीटला तडे जातात आणि फायबरग्लास थोडा वाकून निभावून नेतो. म्हणजे जो हलकेपणा व लवचिकपणा एका ऋतूत गुण ठरतो, तोच दुसऱ्या ऋतूत दोष ठरतो. भिडस्तपणे मी पुस्तिकेतील फक्त पहिला ऋतू वाचला.

आपल्या धंद्यातील जुन्या मंडळींना पेवाचे उदाहरण लगेच पटेल. जमिनीत पेव खणून धान्य ठेवावयाचे ते कोरडी, चांगला निचरा होणारी जागा पारखून. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध. तेथील जमिनीत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. सन २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि ती कायमची निकामी झाली. पेव खणताना आपले पूर्वज आधी जमिनीला विचारीत. हौद घेताना मी कारखान्याला विचारले.

काळ्या मातीत आणखी एक फसगत आहे. खड्डा हौदाहून थोडा मोठा खणतात आणि भोवतालच्या पोकळीत खडी भरतात. माती पाणी जिरू देत नाही, खडी मात्र पाणी आनंदाने घेते. त्यामुळे पावसाचे वाहते पाणी त्या पोकळीत उतरून साठते आणि हौदाच्या बाहेर दुसरा एक अदृश्य हौद तयार होतो. गावची भूजलपातळी खोल आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. माळव्यात इंदूरकडील बंधूंची जमीन बहुधा अशीच काळी. गोव्यातील जांभा दगड पाणी लवकर जिरवितो, परंतु तेथे पाऊसच तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि सखल भागात जमिनीतील पाणी पावसाळ्यात विहिरीच्या काठाशी येते. हैदराबादेत मुरूम आणि त्याखाली कठीण खडक लागतो. तेथे खोदाईचा खर्च हौदाच्या किमतीशी स्पर्धा करू शकतो आणि खडकातला खड्डाही पाणी धरून ठेवतोच. वडोदऱ्यात विश्वामित्रीचे पाणी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये वस्तीत शिरले. अशा पुरात हौद भरलेलाच राहतो, त्यामुळे पुराने तो सहसा उचलला जात नाही. पूर ओसरल्यावर मालक गाळ काढण्यासाठी घाईने उपसा करतो, धोका तेव्हाचा असतो. माझ्या हातून जे झाले ते असेच.

उपाय महाग नाही, हेच अधिक लागते. हौद बसवितानाच त्याच्या खोल बाजूस, बाहेरच्या खडीत, तळाच्याही खालपर्यंत जाणारी सहा इंची छिद्रे पाडलेली नळी उभी पुरावयाची आणि तिचे तोंड वर झाकणाने बंद करावयाचे. काठी सोडली की बाहेर पाणी किती आहे ते कळते आणि लागल्यास त्याच नळीतून पंपाने ते उपसता येते. आमच्या कंत्राटदाराने ही नळी टाकली नव्हती, आणि मी विचारलीही नव्हती. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. पंप माझ्या हुकुमाने चालला होता. पावसाळा संपल्यावर भोवतालची खडी काढून, हौद पुन्हा समपातळीत बसवून, भेग भरून, नळ्या नव्या टाकून घेतल्या. या कामास मूळ खर्चाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम लागली आणि भेगेच्या जागचा रंग आजही बाकीच्या रंगाशी जुळत नाही.

पुन्हा बसविताना मी स्वतः खुर्ची टाकून बसलो आणि काही गोष्टी शिकलो. भोवती भरावास खणलेली काळी माती वापरू नये. ती फुगून भिंती आत ढकलते. धुतलेली बारीक खडी घालावी. आत पाणी आणि बाहेर खडी ही दोन्ही बरोबरीने, वीत-वीत चढवीत न्यावी. आत पाणी जास्त झाले तर भिंत बाहेर फुगते, बाहेर खडी जास्त झाली तर आत दबते. घाईचा मजूर एक बाजू आधी भरून मोकळा होतो, त्याकडे लक्ष असावे. तळाची खडी समपातळीत नसेल तर घडण अधांतरी राहते व पुढे तेथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. हौदाच्या काठापासून जमिनीस बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि शेताच्या अंगास चर खणावा, म्हणजे वाहते पाणी हौदाकडे येणारच नाही.

खरेदीच्या वेळी काय पाहावे, हेही व्यापाऱ्यांपुढे सांगितले पाहिजे. पोत्यात पोकळ सळई खुपसून मधला दाणा हातावर घेतल्याविना आपण भाव बोलत नाही. हौदातही ती सोय आहे. नळ्या व गाळणी बसविण्यासाठी भिंतीस भोके पाडतात, त्या वेळी निघालेली चकती मागून घ्यावी. तीत भिंतीची जाडी आणि थर उघड दिसतात. जेलकोटच्या पाठीमागचा पहिला थर व्हिनिल एस्टर रेझिनचा आहे की स्वस्त पॉलिस्टरचा, हे कारखान्याकडून लेखी घ्यावे. पाणी अतिसूक्ष्म प्रमाणात जेलकोटमधून आत झिरपते आणि हलक्या प्रतीच्या रेझिनमधील द्रव्ये विरघळवून आणखी पाणी ओढून घेते. मग काही वर्षांनी पृष्ठभागावर फोड येतात. व्हिनिल एस्टर या झिरपण्यास चांगला दाद देत नाही. हमीपत्रात ‘घडण’ व ‘पृष्ठभाग’ यांची मुदत निरनिराळी असते आणि हौद रिकामा केल्यास हमी रद्द, असे बारीक अक्षरांत बहुधा छापलेले असते. माझ्या हमीपत्रात ते होते. मी ते नंतर वाचले.

पाण्याचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो. आमच्या हौदाच्या मापाच्या पृष्ठभागावरून कडक उन्हाळ्यात रोज सात मिलिमीटर पाणी उडाले तरी सुमारे दीडशे लिटर होते. शहरातील एका माणसाच्या दिवसभराच्या गरजेसाठी १३५ लिटर धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे घरात एक न दिसणारा माणूस वाढला असे समजावे. मार्च २०२४ मध्ये बंगळुरात पाण्याची टंचाई झाली, तेव्हा तेथील पाणीपुरवठा मंडळाने पोहण्याच्या तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली होती. शेजारच्या वाडीत घागरींची रांग लागलेली असताना आपला हौद काठोकाठ भरलेला दिसणे शोभत नाही. आम्ही उन्हाळ्यात हौदावर आच्छादन घालतो. त्याने उडणारे पाणी पुष्कळ वाचते. उरलेली भरपाई छपरावरून साठविलेल्या पावसाच्या पाण्यातून करतो. विजेचे म्हणाल तर एक अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला की साडेचार ते सहा युनिटे जातात.

मातुःश्री हयात होत्या तेव्हा त्यांनी हौद पाहून एकच प्रश्न विचारला. पाणी गाळून वापरणाऱ्या घरात एवढे पाणी साठवून त्यात औषध घालावयाचे, मग त्यातील जीवांचे काय? क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असते, तेव्हा या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. त्या कधी त्यात उतरल्या नाहीत. मात्र त्यांच्या बोलण्यामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती कोणत्याही पुस्तिकेत नाही. विहिरीच्या दगडी भिंतीवर बेडकाला पाय रोवता येतो. फायबरग्लासच्या गुळगुळीत भिंतीवर बेडूक, सरडा, खार यांपैकी कोणालाच चढता येत नाही. ते रात्रभर पोहून पोहून सकाळी गाळणीत मरून सापडतात. आम्ही दोन कोपऱ्यांत काठापासून पाण्यात उतरणाऱ्या खरबरीत लाकडी फळ्या बांधल्या आहेत. तेव्हापासून गाळणी बहुधा रिकामी निघते.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल मात्र मी कोणतीच तडजोड मानीत नाही. चार फुटांहून उंच कुंपण, आपोआप मिटणारे फाटक, त्याची कडी लहानांच्या हाताच्या वर आणि पाण्याजवळ सतत एक जबाबदार मोठा माणूस असलाच पाहिजे. लहान मूल बुडताना ओरडत नाही, ते मुकाट्याने खाली जाते. पंपाची वीजजोडणी जाणत्या कारागिराकडून, उत्तम अर्थिंगसह आणि गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या तीस मिलिअँपिअरच्या स्विचमधून करून घ्यावी. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ यांच्यामध्ये आणि मुक्त क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम राहील असे पाहावे. तपासणीची पेटी स्वस्त मिळते आणि नातवंडे ते काम हौसेने करतात.

मला विचारणारे मित्र शेवटी एकच विचारतात, की घ्यावा किंवा न घ्यावा? जमीन उंचवट्यावर आहे, पावसाळ्यात तेथील विहिरीचे पाणी हौदाच्या तळाहून खोल राहते, रस्ता रुंद आहे आणि पाण्याची स्वतःची सोय आहे, अशांनी फायबरग्लासचा अवश्य घ्यावा. काँक्रीटहून तो कमी त्रास देईल. सखल जागी, नदीच्या पूररेषेत किंवा ओढ्याच्या काठी ज्यांचे घर आहे, त्यांनी घेऊ नये. फार हौस असेल तर जाणकार अभियंत्याकडून काँक्रीटचा करून घ्यावा. मधल्या स्थितीतील लोकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, एक पूर्ण पावसाळा थांबावे. हौदाच्या नियोजित जागी सात-आठ फूट खोल भोक पाडून त्यात छिद्रांची नळी उभी करावी आणि आषाढापासून आश्विनापर्यंत दर आठवड्यास काठी सोडून पाणी मोजावे. माझे त्या वर्षाचे नुकसान या एका वहीने वाचले असते.

आता ती वही आमच्याकडे आहे. पावसाळ्यात रोज सकाळी सौभाग्यवती पाण्यात चालावयास उतरतात, त्याआधी रखवालदार नळीत काठी सोडून आकडा लिहितो. दोन फुटांच्या आत असेल तर काही करावयाचे नाही. गेल्या श्रावणात एकदा काठी तीन फूट दोन इंच भिजली. दीड तास पंप नळीत चालवावा लागला, आणि त्यानंतरच त्या पाण्यात उतरल्या.